ओसीडीसाठी मोबाईलवरचं ब्रेन ट्रेनिंग: गोळ्या आणि थेरपीच्या जोडीला कसं करायचं

इन्स्टा उघडलं की एक तरी जाहिरात येतेच, रोज दहा मिनिटं हा गेम खेळा आणि डोक्यातले नको ते विचार बंद. मग ओळखीपाळखीतलं कुणीतरी मेसेज करतं, काय भो, ओसीडीवर हे खरंच चालतं का, गोळ्या बंद करून हेच करू का. तर गोळ्या बंद करू नका, हे सगळ्यात आधी. बाकीचं उत्तर जरा लांब आहे म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. माझ्या मावसबहिणीला ओसीडी आहे (खाली ताई म्हणतोय), तिच्या डॉक्टरांनी चालू उपचाराला जोड म्हणून हे ट्रेनिंग सुरू करायला सांगितलं तेव्हा फोन, वही, वेळ हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडं आलं, त्यातून जे कळलं आणि त्यासाठी जे वाचावं लागलं ते इथं आहे.

आधी पाया आहे का ते बघा

ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणजे टापटीप आवडणं नाही. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, हात घाण आहेत, गॅस चालू राहिला, देवाबद्दल वाईट मनात आलं, माझ्याच हातून बाळाला काही होईल, आणि तो शांत करायला माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, मनात जप करतो, घरच्यांना विचारतो, यालाच कंपल्शन म्हणतात. दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ यात जायला लागला किंवा कामधंदा, झोप, संसार अडायला लागला की तो आजार. आपल्याकडं खानदेशात हा लपतो फार. श्रावणात कानबाई देवीच्या सणाचे रोट असले की घरात सोवळं कडक असतंच, त्यात एखादी वहिनी तीच भांडी चौथ्यांदा घासतेय हे कुणाच्या डोळ्यावर येत नाही, उलट कौतुक होतं. आणि आलंच लक्षात तर वहमी आहे म्हणून सोडून देतात, नाहीतर भगताकडं उतारा काढायला नेतात आणि त्यात दोन-चार वर्षं अशीच जातात.

पक्का पुरावा असलेले उपचार दोन. एक औषधं, एसएसआरआय गटातली, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटालोप्राम वगैरे, आणि जुनं पण दमदार क्लोमिप्रामिन. ओसीडीला डिप्रेशनपेक्षा बऱ्याचदा जास्त डोस लागतो आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत 'काहीच होत नाही' म्हणून गोळी सोडणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ आहे. दुसरा उपचार ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही थेरपी. भीती वाटते त्या गोष्टीला पायरी-पायरीनं सामोरं जायचं आणि नंतरची धुणं-तपासणं ही क्रिया करायची नाही, अस्वस्थता आपोआप उतरू द्यायची. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दोन पेशंटवर हे करून दाखवलं आणि आजही याच्यापुढं जाईल असं काही निघालेलं नाही.

यातलं निदान एक तरी नीट चालू असेल तरच पुढचं वाचा. नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, तिथल्या मानसोपचार ओपीडीला केसपेपर काढून जाता येतं. ईआरपी करणारे लोक आपल्या भागात कमी, म्हणून फोन करताना सरळ विचारा, 'तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?' नुसतं समुपदेशन करतो म्हणाले तर तेवढ्यानं भागत नाही. व्हिडिओ कॉलवरूनही ईआरपी होतं, शहादा-चोपड्याच्या माणसाला दर आठवड्याला पुण्याला पळायची गरज नाही.

हे ट्रेनिंग नक्की कशावर काम करतं

ओसीडी असलेल्या लोकांच्या चाचण्या घेतल्या की सरासरीनं दोन-तीन गोष्टी थोड्या अडखळलेल्या दिसतात. चालू झालेली कृती मधेच थांबवणं, एका विचारावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणं, आणि बारीकसारीक तपशिलात न अडकता पूर्ण चित्र बघून आखणी करणं. फरक फार मोठा नसतो आणि सगळ्यांत नसतोही. डिजिटल कॉग्निटिव्ह ट्रेनिंग म्हणजे हीच कौशल्यं स्क्रीनवरच्या छोट्या सरावांनी घासून पक्की करायची, सराव जमला की आपोआप अवघड होत जातो.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, इथंच लोक चुकीचा गेम निवडतात. कुलूप सतरा वेळा बघणाऱ्याला वाटतं माझी मेमरी गेलीय, म्हणून तो मेमरी गेम डाउनलोड करतो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2003 मध्ये एक मस्त प्रयोग छापला. साध्या, आजार नसलेल्या लोकांना कॉम्प्युटरवरच्या खोट्या गॅस शेगडीची बटणं परत परत तपासायला लावली. शेवटी त्यांना कुठली बटणं होती ते बरोबर आठवत होतं, पण आठवण धूसर वाटायला लागली आणि तिच्यावरचा भरवसा पडला. म्हणजे मेमरी ठणठणीत, तपासून तपासून भरवसा जातो. अशा माणसाला मेमरी गेमची नाही, तपासणं थांबवण्याच्या सरावाची गरज असते.

आता प्रकार सांगतो. पहिला, थांबण्याचा सराव. स्क्रीनवर गोल आला की दाबायचं, चौकोन आला की हात रोखायचा, वेग वाढत जातो. दुसरा, लक्ष वळवण्याचा आणि वर्किंग मेमरीचा (कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याचा), यातच स्ट्रूपचा रंग-शब्दाचा सराव येतो, शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा, जो 1935 पासून चालत आलाय. तिसरा, आखणीचा, मोठं काम तुकड्यांत पाडायचं. चौथा जरा वेगळा, विचारांकडं बघायच्या सवयीवर काम करणारा. जीजी ओसीडी नावाचं ॲप आहे, इस्रायलच्या मानसशास्त्रज्ञांनी काढलेलं, त्यात एकेक वाक्य येतं, कामाचं असेल तर स्वतःकडं ओढायचं, ओसीडीच्या भाषेतलं असेल तर लांब ढकलायचं, रोजची तीन-चार मिनिटं. पाचवा व्हिडिओवाला. केंब्रिजची 2018 मधली स्टडी आहे, घाणीची भीती जास्त असलेले 93 लोक, आठवडाभर दिवसातून 4 वेळा 30 सेकंदांचा व्हिडिओ, काहींना स्वतःचेच हात धुतानाचा तर काहींना घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावतानाचा, आणि लक्षणं सरासरी 21 टक्के कमी. ऐकायला भारी, पण ते लोक निदान झालेले पेशंट नव्हते आणि मुदत एकच आठवडा, हेही लक्षात असू द्या.

एकूण हिशेब असा की गेममधलं कौशल्य सुधारतं यात वाद नाही, ते सुधारणारच, रोज खेळल्यावर कुणाचंही सुधारेल. ते कौशल्य नळावर, कुलपावर, देवघरात उतरतं का हा खरा प्रश्न, आणि तिथला पुरावा अजून छोट्या अभ्यासांचा आणि उलटसुलट आहे. ल्युमोसिटी या नावाजलेल्या ब्रेन गेम कंपनीला अमेरिकेत 2016 मध्ये फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात 20 लाख डॉलर भरावे लागले होते. तेव्हा '100% रिझल्ट' लिहिलेलं दिसलं की पुढं सरका. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं, गेम हा व्यायामाआधीच्या वॉर्मअपसारखा धरा, वजन उचलायचंय ते ईआरपीत.

तयारी: एक आठवडा

डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: माझ्या लक्षणाला कुठला सराव, किती आठवडे, आणि वाय-बॉक्स आत्ता किती. वाय-बॉक्स ही ओसीडी मोजायची पट्टी, 1989 पासूनची, 0 ते 40. 16 ते 23 मध्यम, 24 पासून वर तीव्र. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मग पहिला आठवडा गेम अजिबात नाही, फक्त रोजच्या जगण्यातल्या तीन गोष्टींची नोंद. ताईच्या होत्या: रात्री शेगडीपाशी किती वेळा परत गेली, बेसिनचा नळ अंदाजे किती मिनिटं चालला, आणि 'गॅस बंद शे ना?' हे सासूबाईंना किती वेळा विचारलं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, दोन-तीन दिवसांआड येतं, त्यामुळे टाकी कधी खाली झाली यावरूनच धुण्याचा अंदाज दाजींना बरोबर लागायचा. मोजण्याची कंपल्शन असलेल्यांनी स्वतः मोजू नका, घरच्याला झोपताना अंदाजे लिहू द्या. चारच्या जागी पाच लिहिलं तर काही बिघडत नाही, उलट ती चूक तशीच ठेवणं हा पण सरावच आहे.

फोनची तयारी कमी महत्त्वाची वाटते पण गडबड तिथंच होते. नोटिफिकेशन बंद. सलग किती दिवस खेळलात ते दाखवणारं स्ट्रीक, लीडरबोर्ड, बक्षिसाची नाणी हे बंद करता येत असेल तर बंद, नाहीतर दुसरं ॲप बघा, कारण ओसीडीच्या माणसाला 'आज चुकलं तर सगळं मोडेल' हे टोचणं आयतंच मिळतं. फ्री ट्रायलसाठी यूपीआय ऑटोपे मागितलं तर ट्रायल संपायच्या आत ते रद्द करायची तारीख कॅलेंडरला लावा. बरीचशी ॲप इंग्रजीत आहेत, आकार-रंगाच्या सरावाला भाषा लागत नाही पण वाक्यं ढकलायच्या ॲपला लागते, तिथं वाक्य डोक्यात नीट उतरत नसेल तर उगाच बोटं चालवण्यात अर्थ नाही. आणि घाणीची भीती असलेल्यांसाठी एक पक्का नियम: गेमआधी फोन पुसायचा नाही.

ॲप जमतच नसेल तर घरगुती सराव आहे. पत्त्यांचा कॅट घ्या, काळी पानं सगळी ठेवा, लाल फक्त सहा-सात. पिसून एकेक पान उलटा, काळं आलं की टेबलावर थाप, लाल आलं की हात हवेतच रोखायचा. काळी सलग आली की हाताला सवय लागते आणि लाल आलं तरी थाप पडतेच, ती रोखणं हाच सराव. स्ट्रूपसाठी पोरांचे स्केचपेन घ्या, हिरव्या शाईनं 'लाल', निळ्यानं 'पिवळा' असे पंचवीस-तीस शब्द लिहा आणि शब्द न वाचता शाईचा रंग मोठ्यानं म्हणत जा. अभ्यास झाले ते कॉम्प्युटरवरच्या सरावांचे, हे घरगुती रूप फक्त सवयीसाठी, पण नंदुरबारच्या पाड्यावर रेंज नसताना हेच उपयोगी पडतं.

रोजचा सराव

पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, सहा ते आठ आठवडे, असं साधारण गणित धरतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर ते. वेळ सकाळची धरा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो, दुपारी लाईट गेलेली असते, त्यात कुणाचं डोकं चालणार. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच माणसं शेतात जातात, तेव्हा संध्याकाळ बरी, फक्त झोपायच्या अगदी आधी नको.

स्वयंपाकघरातला साधा टायमर लावा आणि वाजला की थांबा. लेव्हल अर्धी असली तरी, स्कोअर विषम आकड्यावर असला तरी, शेवटची चाल चुकली असली तरी. हे मी मुद्दाम ताणून सांगतोय कारण अर्धवट सोडणं हाच ओसीडीवाल्याला सगळ्यात जड जाणारा भाग आहे आणि म्हणूनच अर्ध्या लेव्हलवर फोन ठेवण्यातून जे मिळतं ते पूर्ण लेव्हलमधून मिळत नाही. सुरुवातीला ताई 'एवढं एक होऊ दे' म्हणायची, तोंड वाकडं व्हायचं, मग टायमर सासूबाईंच्या हातात दिला, त्यांना गेममधलं काही कळत नाही म्हणून त्या ऐकतही नाहीत.

टायमर वाजल्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच बहुतेक जण गाळतात. लगेच एक ईआरपीची पायरी करायची. थेरपिस्टसोबत भीतीची शिडी बनवलेली असते, प्रत्येक पायरीला 0 ते 100 गुण, 30-40 च्या आसपासची पायरी सुरुवातीला घ्या. ताईची शेगडीची पायरी अशी होती: चहा झाला की बटण बंद, रेग्युलेटर बंद, एकदा नजर, बस. हात लावून बघायचं नाही, वास घ्यायचा नाही, सासूबाईंना विचारायचं नाही, स्वयंपाकघराचा लाईट घालवून बाहेर ओट्यावर येऊन बसायचं. बसल्यावर छातीत धडधडतं, पाय आपोआप आत वळतात. त्या क्षणी गेममधला लाल पत्ता आठवायचा, हात हवेत रोखला होता तसाच पाय रोखायचा. भीती किती ते वहीत लिहायचं, 60 असेल तर 60. मग गवार मोडा, शेजारणीशी बोला, काहीही करा, पण भीती घालवायला म्हणून नाही. काही वेळानं आकडा उतरतो, कधी 60 चा 30 होतो, कधी 50 वरच थांबतो, तरी आत जायचं नाही. मनातल्या मनात 'बंद केलाय, बंद केलाय' म्हणणं पण कंपल्शनच आहे. निघताना शेगडीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवणं तर नवीनच खूळ, पेशंटलाही वाटतं मी परत गेलो नाही ना, पण गॅलरी उघडून तोच फोटो दहा वेळा बघितला जातो. गॅलरी तपासा, सापडेल.

विचारांच्या ॲपचंही तसंच. 'शंका आली म्हणजे धोका आहे असं नाही' असलं वाक्य ओढून घेतलं की त्याच दिवशी त्या वाक्याला धरून एक छोटी कृती करायची, नाहीतर ते सुविचाराच्या स्टेटससारखं वाचून विसरलं जातं.

ॲपच कंपल्शन व्हायला लागलं तर

हे होतं, आणि हळूच होतं. खुणा सांगतो. चूक झाली की गेम पहिल्यापासून सुरू करणं. ठरावीक स्कोअर आल्याशिवाय न उठणं. उजव्या अंगठ्यानं खेळलं म्हणून डाव्यानंही खेळणं. वाईट विचार आला की तो 'घालवायला' ॲप उघडणं, ही तर सगळ्यात फसवी, कारण दिसायला उपचार दिसतो आणि आत मात्र हात धुण्याची जागा गेमनं घेतलेली असते. भीती वाढलेली असताना गेम खेळायचाच नाही, गेम फक्त ठरलेल्या वेळी. चॅटबॉटला रात्री एक वाजता 'मला असा विचार आला, मी वाईट माणूस आहे का' विचारत बसणं पण याच खात्यात जातं, फक्त सासूबाईंच्या जागी मशीन आलं, आणि मशीन कंटाळत नाही म्हणून जास्त धोक्याचं.

यातलं काही दिसलं तर आठवडाभर ॲप बंद, ईआरपी चालू, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. रोज वेळ थोडी बदलणं, मुद्दाम दोन चुका करून पुढं जाणं असे उपायही ते देतात.

घरच्यांसाठी थोडं. 'हो गं बाई, बंद आहे' हे उत्तर मायेनं दिलं तरी आजाराला खाऊ मिळतो. पण एका दिवसात एकदम उत्तरं बंद करून माणसाला रडवू नका. आधी पेशंटसोबत बसून ठरवा, मग एकच वाक्य सगळ्यांनी वापरायचं, आमच्याकडं होतं 'हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देत नाही', पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा उत्तर चालेल, मग तेही बंद. कानबाईच्या वेळी सोवळं किती पाळायचं ते घरातल्या मोठ्या बाईनं आधीच सांगून टाकायचं, बाकी सगळ्या बायका जेवढं करतात तेवढंच, त्याच्यावर एक तांब्याही पाणी नाही.

चार आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी

चौथ्या आठवड्यात वही काढा. गेमचा स्कोअर बघूच नका, त्या तीन नोंदी बघा. स्कोअर चढलाय आणि नळ तेवढाच चालतोय तर सराव नळापर्यंत पोचलेला नाही, तेव्हा गेमची वेळ निम्मी करून ती ईआरपीला द्या. आठव्या आठवड्यात डॉक्टरांकडून वाय-बॉक्स परत करून घ्या. तो 35 टक्के किंवा जास्त उतरला तर उपचार लागू पडला असं धरतात, म्हणजे 28 चा 18 झाला तर चांगलंच. पण त्याच काळात गोळीचा डोस वाढलेला असेल, ईआरपी चालू असेल, तर श्रेय एकट्या ॲपला देऊन दुसऱ्यांना ॲप सुचवत फिरू नका.

काहीच हललं नसेल तर ट्रेनिंग बंद करा, पैसे आणि वेळ वाचवा, आणि डोस, औषध बदल, ईआरपी जास्त वेळा करणं यावर बोला. दोन-तीन औषधं पूर्ण डोसनं पूर्ण मुदत घेऊन आणि ईआरपी करूनही अडलेलं असेल तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था) ओसीडीची खास क्लिनिक आहे, तिथं पाठवायचं का हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि मधेच कधीही जगणं नकोसं वाटायला लागलं, जेवणखाण सुटलं, झोप पार उडाली, तर आठ आठवड्यांची वाट बघायची नाही, गेम-बिम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा 14416 आहे, 2022 पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोन करताना चालू गोळ्यांची नावं आणि डोस समोर ठेवा, आम्ही ती चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटवलीय.